मुकादमला घरी एकटं ठेवताना

सावेडी, अहमदनगर
१९ नोव्हेंबर १९७२

दानीएल यांस,

पोचल्याची तार आणि मागाहूनचं पत्र मिळालं. बोकारोला थंडी आहे, खोली बरी आहे, फिटरचं काम सुरू झालं, सगळं समजलं. इकडची खबर एकच. तुमचं कुत्रं.

निघायच्या दिवशी तुम्ही ते पिल्लू पिशवीतून आणलंत, स्वयंपाकघराच्या फरशीवर सोडलंत आणि म्हणालात, "तुला सोबत होईल." गाडीची वेळ झाली होती, म्हणून भांडण अर्धंच राहिलं. उरलेलं आता करते.

लग्नाला दहा वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही. तुमच्या आई खर्ड्याहून येतात तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या सुनेचं बारसं सांगतात. मी भाजी चिरत ऐकून घेते. त्यांचं काही वाटत नाही आता. पण तुम्ही? मूल नाही तर कुत्रं घे, असंच ना ते? मला तरी दुसरं काही ऐकू आलं नाही.

आणि ठेवू कुठे त्याला? सकाळी मी दवाखान्यात जाते ती दुपार कलल्यावर येते. पहिल्या दिवशी दार ओढून घेतलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्याचं रडणं माझ्या मागे आलं. परत आले तर घरमालकीण राहीबाई ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, "सिस्टरबाई, तुमी गेल्यापासनं ते वरडतंय. माझ्या डोक्याची शीर उठली." आत गोधडीचा कापूस सगळीकडे. तुमच्या जुन्या बुटाची टाच गेली. माझ्या गीतांच्या पुस्तकाचा कोपराही चघळलेला.

बाहेर सोडावं तर तेही नाही. दुष्काळानं गावोगावची कुत्री शहराकडे आली आहेत. पिसाळलेली असतील या भीतीनं कुणीतरी रस्त्यावर विष घातलेले गोळे टाकतं. परवा ओढ्याच्या कडेला दोन पडलेली पाहिली.

कुणाबरोबर तरी याला न्यायची सोय करा. नोकरीचा राजीनामा देऊन बोकारोला ये, असं तुम्ही पुन्हा लिहिलं आहे. त्याचं उत्तर या पत्रात नाही.

लिडिया


सावेडी
६ डिसेंबर १९७२

दानीएल यांस, सलाम.

कुत्र्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. म्हणून मीच लिहिते, कारण काल ते मरता मरता राहिलं.

घरातलं काही उरेना म्हणून सोमवारपासून त्याला खाटेच्या पायाला दोरीनं बांधून जात होते. पाणी जवळ, भाकरी जवळ. एवढं केल्यावर आणखी काय पाहिजे, असं मला वाटलं. काल ते खाटेखालून, पायाभोवती, पुन्हा खाटेवरून असं फिरत राहिलं आणि दोरी आखडत गेली. राहीबाईंकडे आपली दुसरी किल्ली असते. रोजचं रडणं एकाएकी थांबलं तेव्हा त्यांना बरं वाटायला हवं होतं. उलट त्या उठल्या. दार उघडून बघतात तर ते मागच्या पायांवर उभं, अर्धं लटकलेलं आणि जीभ बाहेर. त्यांनी विळ्यानं दोरी कापली.

मी आले तेव्हा ते त्यांच्या लुगड्याच्या ओच्यात होतं. मला बघून त्यांनी ते खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "जनावराला असं बांदून जात्यात व्हय? तुमी तर दवाखान्यातल्या." मग लगेच दुसरंही म्हणाल्या, "नाताळपतोर बघीन. तवर ते गप ऱ्हायलं तर ठीक, न्हाईतर दुसरी खोली बघा. मला वाईटपना घ्यायचा न्हाई, पन झोप बी लागंना."

रात्रभर मी त्याच्या गळ्याला तेल लावत होते, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. एकदाच लावलं. नंतर खोलीत नुसती फिरत होते. तुम्ही गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. भांडी घासलेली पुन्हा घासते. दवाखान्यात मात्र हात शांत असतात.

दूधवाला त्याला न्यायला तयार आहे. त्याच्या मळ्यात मोकळं राहील. मी त्याला उद्या ये म्हणाले. आज तो आला तर पुन्हा उद्या ये म्हणाले. का म्हणाले, विचारू नका.

लिडिया


सावेडी
२८ डिसेंबर १९७२

दानीएल यांस, सलाम.

नाताळचं कार्ड पोचलं. छापलेल्या मजकुराखाली तुमची सही. एवढंच.

नाताळची उपासना करून देवळातून आल्यावर मी थोडं मटण केलं. एकटीसाठी करू नये, पण घरात वास तरी यावा. उरलेलं नळीचं हाडूक त्याच्यापुढे टाकलं. दानीएल, सबंध दुपार आवाज नाही. पुढच्या पायांत धरून कधी चाटतं, कधी उलटं करतं, पुन्हा चाटतं, आतली मज्जा निघेपर्यंत. मग डोकं त्याच्यावरच टेकून झोपलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते खोडी काढायला गोधडी फाडत नव्हतं. दात येताहेत, तोंडाला काम पाहिजे, आणि मी घरात नसले की त्याला काहीच काम नसतं. वॉर्डातली बरी होत आलेली माणसं अशीच करतात. आजारात गप्प असतात, आणि जरा बरं वाटलं की चादरीचे धागे ओढत बसतात.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना शिल्लक राहिलेलं दुसरं हाडूक देऊन गेले. मनात म्हटलं, सुटले. परत आले तर ते कोपऱ्यात, तोंडाला फेस, पंजानं गाल ओरबाडत होतं. शिजलेलं हाड कडक होतं आणि फुटतं. त्याची चीप वरच्या टाळूला दाढांमध्ये आडवी बसली होती. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं, राहीबाईंना डोकं धरायला लावलं आणि चिमट्यानं ती काढली. त्यानं माझ्या बोटात दात रोवले. राहीबाई म्हणाल्या, "चावू द्या, त्याला काय कळतंय."

त्यांची नाताळची मुदत संपली आहे. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही.

दूधवाला आता विचारत नाही.

आमच्या मेट्रन बाईंनी काल बोलावलं होतं. दुष्काळी कामांवरच्या मजुरांसाठी तिसगावला दवाखान्याचं केंद्र उघडताहेत, त्याविषयी. ते राहू द्या.

लिडिया


सावेडी
२७ जानेवारी १९७३

प्रिय दानीएल,

तुम्ही हत्यारांची पेटी रेल्वेनं पाठवायला सांगितली होती, म्हणून ती आणायला तुमच्या जुन्या गॅरेजवर गेले. कुत्र्याला घरी ठेवायची भीती वाटत होती, म्हणून पिशवीत घालून बरोबर नेलं. तुमच्या हाताखालचा छगन होता. त्यानं पेटी बांधायला घेतली आणि मी पिशवी खाली ठेवली. पिल्लू उतरलं आणि सरळ मागच्या भिंतीकडे पळत गेलं. जुन्या टायरांचा ढीग आहे तिथे. वास घेत फिरलं आणि एका टायरच्या आत जाऊन बसलं.

छगन काम सोडून बघत उभा राहिला. म्हणाला, "वळखली त्यानं जागा."

मी विचारलं, "कसली जागा?"

"तुमाला भाऊंनी सांगितलं न्हाई व्हय?"

मग त्यानं सांगितलं. याची आई तिथेच व्यालेली होती. तिनं विषाचा गोळा खाल्ला आणि भिंतीशी येऊन पडली. पिल्लं तिला पीत राहिली, तीही गेली. हे एकटं टायरात झोपलेलं होतं म्हणून राहिलं. "भाऊ कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायचे," छगन म्हणाला. "जायाचा दिस आला तवा म्हनले, छगन, तू संबाळ. माझ्या घरी जागा न्हाई, म्यां न्हाई म्हनलं. तवा म्हनले, आमची सिस्टर रागावंल, पन मरू द्यायची न्हाई. तिच्या हातनं काय मरत न्हाई."

पेटी तशीच ठेवून मी तिथल्या लोखंडी स्टुलावर बसले.

हे तुम्ही का सांगितलं नाहीत? "तुला सोबत होईल" एवढंच का म्हणालात? मी दोन महिने तुमच्याशी मनात भांडते आहे, आणि भांडणाचं कारणच खोटं निघालं. राग कुठे ठेवू आता? तो संपला नाही, कारण दुसरी कारणं आहेत. पण हे एक कारण मी खाली ठेवलं.

निघायला लागलो तेव्हा ते टायराखालून काहीतरी तोंडात घेऊन आलं. काळ्या जाड रबराचा ठोकळा. एका बाजूला निमुळता, आतून पोकळ. छगन म्हणाला, भंगारातल्या जीपचा आहे, खड्ड्यात गाडी आपटू नये म्हणून चाकाजवळ बसवतात. काढून घ्यायला गेला तर पोर सोडेना. "न्या," म्हणाला, "ह्यो आख्खी जीप अंगावर घेतो, ह्याचे दात काय करनार त्याला."

घरी आणून सोड्याच्या कढत पाण्यात घासला, उन्हात वाळवला, पुन्हा घासला. दातांखाली दबतो पण तुटत नाही, आणि तोंडात पुरा मावणार नाही इतका मोठा आहे. मग नळीचं हाडूक आठवलं. त्यात मज्जा होती म्हणून ते इतका वेळ गुंतलं. मी भाकरी दह्यात कुस्करली, थोडं शेंगदाण्याचं कूट घातलं आणि त्या पोकळीत भरलं.

आज सकाळी दोरी नाही, गळ्यात पट्टा नाही. ठोकळा खाली ठेवला, दार ओढलं आणि बाहेर उभी राहिले. पहिल्यांदा दाराला नखं. मग एक हाक. मग फरशीवर ठोकळा घरंगळल्याचा आवाज, आणि त्याच्यामागे धावल्याचा. पुन्हा घरंगळला. मी दाराला कान लावून उभी, आणि राहीबाई ओट्यावरून माझ्याकडे बघताहेत. त्या म्हणाल्या, "जावा आता. मी हाय." दवाखान्यात पोचायला उशीर झाला आणि बोलणी बसली.

पेटी उद्या रवाना करते.

लिडिया


सावेडी
२५ फेब्रुवारी १९७३

प्रिय दानीएल,

पेटी पोचली हे बरं झालं. कुत्र्याचं नाव काय ठेवलं म्हणून विचारलंत. मुकादम. पुढचे दोन पाय उंबऱ्यावर ठेवून गल्लीतल्या प्रत्येकाकडे असं बघतं की जणू हजेरी घेतंय. नाव राहीबाईंनी ठेवलं. त्यांचा भाचा दुष्काळी कामावर खडी फोडतो, तिथला मुकादम असाच उभा असतो म्हणे.

मुकादमचं काम आता रोजचं झालं आहे. सुरुवातीला मी ठोकळा सैल भरत होते, म्हणजे हलवला की पडावं आणि त्यानं हार मानू नये. मग हळूहळू दाबून भरायला लागले. तळाशी अंड्याचा तुकडा, मग भाकरी, तोंडाशी दही. शेवटचा घास निघेपर्यंत दमतं आणि झोपतं. कुठे तुकडा तुटलाय का ते मी रोज उजेडात धरून बघते.

एक दिवस राहीबाई माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी ठोकळा भरत होते. म्हणाल्या, "सिस्टरबाई, राग मानू नका. मान्सं रेशनची लाल जवार, त्यो मिलो, खात्यात, त्यो बी पोटभर न्हाई. आन तुमी कुत्र्याला दह्यात कालवून घालता."

माझा हात थांबला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दवाखान्यात रोज बघते ना मी, पोटाला पीळ पडलेली पोरं आणि दूध आटलेल्या आया. मी त्यांना माझं ताट दाखवलं. माझ्या दोन भाकऱ्यांतली एक मी मोडली होती. म्हटलं, "दुसऱ्याचं घेत नाही, राहीबाई. माझ्यातलं देते." संध्याकाळी त्यांनी कालवणातलं वांगं आणून दिलं आणि म्हणाल्या, "हे तुमी खायाचं. त्याला न्हाई."

पण तेव्हापासून मला रोज दवाखान्यात जाणं पुरेना. मजूर दुष्काळी कामांवरून इकडे येतात तोवर उशीर झालेला असतो. कुणाच्या डोळ्यात खडीची कपची, कुणाला उन्हाचा झटका, आणि उघड्यावर होणारी बाळंतपणं. मेट्रन बाईंनी पुन्हा विचारलं. मी तिसगावला जायला होकार दिला आहे. ईस्टर झाला की जायचं, कामं चालू आहेत तोवर राहायचं.

तुम्हाला विचारलं नाही. कळवते आहे. बोकारोला जायचं ठरवलंत तेव्हा तुम्हीही कळवलंच होतं.

लिडिया


सावेडी
२५ मार्च १९७३

प्रिय दानीएल,

"मग तिथेच राहा." एवढ्यासाठी आख्खं आंतरदेशीय पत्र खर्च केलंत.

उत्तर लिहून फाडलं. पुन्हा लिहिलं. मग घर झाडलं, कोरडं अंगणही झाडलं, मुकादमला घेऊन माळावरच्या विहिरीपर्यंत जाऊन आले. विहिरीत तळाशी चिखल आहे. परत येऊन पुन्हा बसले.

त्या पत्राच्या घडीच्या आत, पत्त्याच्या बाजूला, तुम्ही एक ओळ लिहिली आहे. मेसमध्ये जेवण झाल्यावर सगळे जातात, मी दिवे मालवेपर्यंत तिथेच बसतो, कारण खोलीत जाऊन काय करायचं. रागाच्या पत्रात ती ओळ कशी आली माहीत नाही. मी रागाचं पत्र एकदा वाचलं. ती ओळ मात्र येता-जाता वाचते.

मी राजीनामा देणार नाही, दानीएल. मूल झालं असतं तर कदाचित दिला असता. नाही झालं. मग हे माझे हात आहेत, ते मला कामाला लावू द्या. यात तुम्हाला सोडून जाणं नाही. मला ते नीट सांगता येत नाही, म्हणून मी भांडते.

मुकादमचा प्रश्न आहे. तिसगावला एकाच शेडमध्ये आम्ही तिघी राहणार आणि पलीकडे रोगी, तिथे त्याला नेता येत नाही. राहीबाई ठेवीन म्हणतात, पण त्यांचे गुडघे बघता मला धीर होत नाही.

ईस्टरला येणार का, तेवढं लिहा. नाही लिहिलंत तरी मी भाकरी दोघांची टाकीन.

लिडिया


तिसगाव, ता. पाथर्डी
४ मे १९७३

प्रिय दानीएल,

तुमचं पत्र इथे पोचायच्या आधी मीच लिहिते. रोग्यांची रांग उन्हामुळे सकाळीच संपते. दुपारी शेडचे पत्रे तापतात, आत बसवत नाही. मी लिंबाखाली बसले आहे, आणि अजूनही मध्येच उठून कुठे भांडं पडलं का बघते. मुकादमची सवय आहे. तो नसल्यानं हाताला चैन नाही.

एक गोष्ट तुम्ही मला सांगितली नाहीत, ती राहीबाईंनी सांगितली. ईस्टरसाठी तुम्ही न कळवता आलात त्या दुपारी मी कामावर होते. त्यांनी तुम्हाला किल्ली दिली. "पन मानूस दार उघडंना," त्या म्हणाल्या. "कुलपाला हात लावून हुबाच. मी म्हनलं, काय झालं? तर म्हनले, आतनं आवाज येत न्हाई. गेलं का ते?" तुम्हाला वाटलं, मी दिलं कुणाला तरी, किंवा मेलं. राहीबाई म्हणाल्या, "गेलं कुठं, कामावर हाय त्यो." आणि त्यांनी तुम्हाला खिडकीतून बघायला लावलं.

मी आले तेव्हा तुम्ही फरशीवर बसला होतात, प्रवासाच्या कपड्यांत, आणि ते तुमच्या मांडीवर पडून ठोकळा चघळत होतं. तुम्ही उठला नाहीत. म्हणालात, "हा मला ओळखतो, लिडिया." मी चहा ठेवायला आत गेले आणि तिथे जरा वेळ उभी राहिले. चहाला उशीर का झाला, ते आज सांगते.

मग भांडलोच आपण. ईस्टरच्या आदल्या दिवशी तर जेवणही राहिलं. पण दुसऱ्या दिवशी देवळातून चालत येताना तुम्ही मध्येच म्हणालात, "याला मी नेतो. तू तिसगावला जा." दोन्ही वाक्यं एकदम. मी दुसऱ्या वाक्याची इतके महिने वाट बघत होते, आणि ते आलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "त्याला दही कुठून आणणार तिकडे?"

निघताना गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या लोखंडी खोक्यात मुकादम पहिल्यांदा जाईना. तुम्ही ठोकळा आत ठेवलात तेव्हा गेला. गाडी हलली आणि मी फलाटावरून तुमच्याकडे बघायचं सोडून गार्डच्या डब्याकडे बघत होते. तुम्ही रागावला नसाल ना?

आता नीट वाचा. तुमची कारखान्यातली पाळी लांबलचक असते, म्हणून पहिल्याच दिवशी तेवढा वेळ सोडू नका. आधी ठोकळा देऊन नळावर पाणी भरून या. मग मेसला जाऊन या. त्याला कळू द्या की माणूस जातो आणि येतो. दोरी कधीही नको. एकटा असताना गळ्यात पट्टासुद्धा नको. पाण्याचं जड भांडं कोपऱ्यात ठेवा, चपला वर ठेवा. मेसमधली शिजलेली हाडं कुणी प्रेमानं दिली तरी त्याला घालू नका, तुम्ही त्या वेळी घरी नव्हतात म्हणून सांगते. तिकडे भात जास्त, तर भातात ताक कालवून भरा, पण भिजकं फार वेळ राहू देऊ नका, उन्हाळ्यात आंबतं. परत आल्यावर ठोकळा बोटानं आतून धुवा. उजेडात बघा. कड तुटलेली दिसली तर फेकून द्या आणि दुसरा शोधा. एवढ्या मोठ्या कारखान्यात एक रबराचा तुकडा मिळेलच.

आणि निघताना त्याला कुरवाळत उभे राहू नका. सांगायची गरज नाही म्हणा, ते तुम्हाला येतं. पण दार ओढल्यावर थोडा वेळ बाहेर थांबा. घरंगळल्याचा आवाज आला की मग जा.

काल इथे एका बाईचं बाळंतपण खडीच्या ढिगाच्या सावलीत झालं. मुलगी. आई नऊवारीत हात पुसत म्हणाली, "बाई, वजान न्हाई हिला, जगंल का?" मी बाळाला छातीशी धरलं तर तिनं माझ्या पदराचा कोपरा तोंडात घेतला. जगेल. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, दानीएल. असं पूर्वी व्हायचं नाही, म्हणून लिहिलं.

पाऊस लागून कामं थांबली की मला महिन्याची रजा आहे. मी बोकारोला येईन. राहायला की भेटायला, ते आत्ताच विचारू नका, मलाही ठाऊक नाही. फक्त त्या दिवशी स्टेशनवर येताना मुकादमला बरोबर आणू नका. त्याचा ठोकळा चांगला दाबून भरा आणि त्याला खोलीवर ठेवून या. आपल्याला बोलायचं आहे, आणि सरळ वाटेनं घरी जायला नको.

तुमची,
लिडिया